चौदा एकर, एक सातबारा आणि बेदाण्यावरचे पाच टक्के

एप्रिल २०२४. द्राक्षबागेत खरडछाटणी सुरू झाली होती आणि शेडवरचा शेवटचा बेदाणा उतरून कोल्ड स्टोअरेजला लागला होता. माझं आजोळ तासगाव तालुक्याच्या पूर्व भागात. थोरल्या मामांचा फोन आला, "रविवारी ये. येताना डोकं घेऊन ये, जेवण इथं हाय." मी सांगलीत लोकांची करविवरणं भरतो, त्यामुळे आजोळचं आमंत्रण नेहमी वह्यांसकट येतं.

झालं होतं ते असं. पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, द्यायला बसलेल्या अडत दुकानाच्या दिवाणजींनी मधल्या मामांना बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या खात्यावरची उलाढाल चाळीस लाखांपुढं चाललीय. जीएसटीचा नंबर काढून घ्या. उद्या नोटीस आली तर आमच्याकडं बोट दाखवू नका." त्यांच्या बोलण्यात खोडसाळपणा नव्हता. कुणीतरी त्यांनाही असंच घाबरवलं असणार.

घर एकत्र आहे. तीन भाऊ, एक चूल, चौदा एकर द्राक्षबाग. सातबारा अजून आजोबांच्या वारसांच्या सामाईक नावावर, पण बाजारातलं खातं थोरल्या मामांच्या एकट्याच्या नावावर, म्हणून सगळ्या पट्ट्या त्यांच्याच नावाने निघतात. त्या वर्षी भाव पडल्यामुळे द्राक्षं बाहेर न पाठवता जवळजवळ सगळी शेडवर घातली होती. एकरी दहा टन, चौदा एकरांत एकशे चाळीस टन. साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे पस्तीस टन. किलोला १५० रुपये धरले तर ५२ लाख ५० हजार. (घरचे आकडे मी सोयीसाठी गोल केले आहेत. प्रमाण खरं आहे.)

वस्तू विकणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून वर्षाला ४० लाख आहे. तिघे भाऊ वेगळे राहिले असते तर प्रत्येकाच्या नावावर साडेसतरा लाख आले असते आणि दिवाणजींनी चहा पाजून पाठवलं असतं. धाकटे मामा ओसरीवर बसता बसता हेच बोलले: "म्हणजे भांडून येगळं झालो असतो तर कर न्हाय. नांदतोय म्हणून कर. ह्याला न्याय म्हणत्यात व्हय?"

रविवारच्या सगळ्या चर्चेत मला सर्वांत जड गेलेला प्रश्न हाच. मर्यादा व्यक्तीला किंवा कुटुंबाला एकच, माणसं कितीही असोत. शहरात दोन भाऊ दोन दुकानं दोन नावांवर काढतात तेव्हा कुणी विचारत नाही.

द्राक्ष की बेदाणा?

मुळात शेतकऱ्याला नंबर लागतच नाही, असं मी आधी सांगितलं. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २३ मध्ये जमीन कसून आलेलं पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला, त्या पिकापुरती, नोंदणीतून सूट आहे. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या कष्टाने, किंवा देखरेखीखाली मजूर लावून कसणारी व्यक्ती अथवा अविभक्त हिंदू कुटुंब म्हणजे शेतकरी, अशी व्याख्याही त्याच कायद्यात आहे. आमचं घर तिच्यात चपखल बसतं.

"मग भानगड कसली?" थोरल्या मामांनी विचारलं.

भानगड वाळवण्याची. ताज्या द्राक्षाला कर नाही, बेदाण्याला ५ टक्के आहे. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायची, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची, पंधरा दिवस सावलीत वाळवायची, मग झाडून, चोळून, देठ काढून, गंधकाची धुरी देऊन पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरायची. एवढं केल्यावर जे हातात येतं ते शेताचं पीक की कारखान्याचा माल?

करकायद्यात शेतमालाची एक कसोटी आहे. शेतकरी सहसा करतो तेवढीच प्रक्रिया हवी, मालाचा मूळ गुण बदलू नये आणि प्रक्रिया प्राथमिक बाजारात विकता येण्यापुरती असावी. आयकर कायद्यातही शेती उत्पन्न ठरवताना जवळजवळ हेच वाक्य येतं. ऐकायला सोपं वाटतं. पण द्राक्ष तर द्राक्ष म्हणूनच बाजारात विकलं जातं, तर मग त्याला विकण्याजोगं करायला वाळवावं लागतं, असं म्हणायचं कसं? उलट बाजूने पाहावं तर कवठेमहांकाळ, जत, तासगाव या पट्ट्यात शेड हा बागेचाच भाग आहे. बेदाणा करणं हा कुणाचा जोडधंदा नाही. माल उतरला की भाव बघून कुठे पाठवायचा ते ठरतं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काही कारखानदारीसाठी नव्हतं.

सांगलीकरांना हा वाद हळदीमुळे आधीच पाठ होता. उकडून, वाळवून, पॉलिश केलेली हळद शेतमाल नाही आणि म्हणून अडत्याच्या कमिशनवर १८ टक्के कर लागतो, असा निर्णय राज्याच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला आणि वसंतदादा मार्केट यार्डात खळबळ उडाली. पुढे अपिलात तो फिरला. गंमत अशी की न उकडलेली हळद बाजारात घेऊन गेलात तर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहणार नाही. तरीही उकडण्याला 'प्रक्रिया' म्हटलं गेलं.

बेदाण्याचं आणखी एक दुखणं होतं. गोदामासंबंधी १५ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात प्रक्रिया केलेला सुका मेवा, गूळ, प्रक्रिया केलेले मसाले हे शेतमालाच्या व्याख्येबाहेर ठेवले गेले. त्यामुळे कोल्ड स्टोअरेजच्या भाड्यावर १८ टक्के लागू झाले. द्राक्षपेटी ठेवली तर शून्य, त्याच द्राक्षाचा बेदाणा ठेवला तर अठरा.

ज्या दिवशी आम्ही ओसरीवर बसलो होतो त्या दिवशी, शेतकऱ्याने स्वतःच विकलेल्या बेदाण्याचं काय, याला सरकारचं सरळ उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसलं की दिवाणजी घाबरतात, त्यांचे सल्लागार घाबरवतात आणि मला रविवार सोडावा लागतो.

तीन मामांच्या तीन वाटा

धाकट्या मामांची वाट सोपी. पट्ट्या तिघांच्या नावाने फाडायच्या. मी विचारलं, "खरीच वाटणी करणार का? सातबारा फोडणार?" ते गप्प झाले. फक्त पट्टीवर तीन नावं घातली तर कागद एक बोलतो आणि जमीन दुसरंच. पीककर्जाच्या वेळी हे उलटतं. आणि करापायी सुरू झालेली कागदी वाटणी पुढे खरी होते, ही मी दोन घरांत पाहिलेली गोष्ट आहे. मी ती वाट नको म्हटलं.

मधल्या मामांची वाट डोकेबाज. बेदाण्याचा हंगाम ३१ मार्चच्या अल्याड-पल्याड पडतो. निम्मा माल मार्चआधी विकायचा, निम्मा कोल्ड स्टोअरेजला ठेवून एप्रिलनंतर. मग कुठल्याच आर्थिक वर्षात चाळीस लाख होत नाहीत. हिशेब बरोबर होता. फक्त गेल्या हंगामातला शिल्लक माल त्यांनी याच वर्षी विकला होता, तो धरायला विसरले होते. शिवाय नोंदणीची उलाढाल मोजताना करमुक्त मालही धरला जातो. बेदाणा करपात्र ठरला असता तर त्यांनी पाठवलेली थोडी ताजी द्राक्षंही त्याच वजनकाट्यावर चढली असती.

थोरल्या मामांना वाटच नको होती. "पिकवणाऱ्यानं कर भरायचा नाही. इंग्रजाच्या टायमाला शेतसारा होता तेवढा पुरे झाला." मी म्हटलं, "मामा, कर तुम्ही नाही, घेणारा भरतो." ते म्हणाले, "घेणारा माझ्याच भावातून कापतो." यालाही तोड नव्हती. बाजारात भाव सौद्यात ठरतो आणि सौदा घेणाऱ्याच्या हातात असतो. पण घेणारा नोंदणीकृत असेल तर त्याने दिलेले ५ टक्के त्याला पुढे वळते करून मिळतात. मग त्याला भाव पाडायचं तेवढं कारण उरत नाही, पैसा काही आठवडे अडकण्यापुरतं सोडून.

इथपर्यंत सगळे पाच टक्क्यांभोवती फिरत होते. तेवढ्यात थोरली मामी चहा घेऊन आली आणि जाता जाता म्हणाली, "अन् फवारणीच्या दुकानात भरतोय ते कुणाच्या खात्यात जातंय?"

घरची खरी वही मामीकडेच असते. तिने ती आणली आणि चर्चेचा सूर बदलला.

मामीची वही

द्राक्षबाग म्हणजे औषध पिणारं पीक. डावणी, भुरी, करपा, मिलीबग. अवकाळी पावसाने एक रात्र गाठली की दुसऱ्या दिवशी पहाटेच फवारणीचा ब्लोअर निघतो. चौदा एकरांसाठी रासायनिक औषधं आणि डिपिंगचं साहित्य मिळून कराशिवाय १२ लाख, त्यावर १८ टक्के म्हणजे २ लाख १६ हजार. जीए (जिबरेलिक ॲसिड, द्राक्षाचे मणी फुगवणारं संजीवक) आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं २ लाखांची, १२ टक्क्यांनी २४ हजार. खतं ६ लाखांची, ५ टक्क्यांनी ३० हजार. बॉक्स ७० हजारांचे, तेव्हाच्या १८ टक्क्यांनी १२ हजार ६००. कोल्ड स्टोअरेजचं भाडं १ लाख, त्यावर १८ हजार.

बेरीज ३ लाख ६००.

डिझेल यात धरलेलं नाही. ते जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावरचा कर कुणालाच परत मिळत नाही.

नंबर काढला असता तर साडेबावन्न लाखांवर ५ टक्क्यांनी २ लाख ६२ हजार ५०० रुपये घेणाऱ्याकडून गोळा झाले असते. आणि खरेदीवर आधीच भरलेला, त्यातून वळता करता येणारा कर (यालाच क्रेडिट म्हणतात) ३ लाख ६००. म्हणजे गोळा केलेल्यातला एक रुपयाही सरकारला द्यावा लागला नसता. उलट ३८ हजार शिल्लक राहिले असते, आणि त्यातले काही परताव्याने मागता आले असते. सगळे नाही, कारण कच्च्या मालावरचा दर विक्रीच्या दरापेक्षा जास्त असताना मिळणारा परतावा फक्त वस्तूंवरच्या कराचा असतो, सेवांवरच्या नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये तेच कायम केलं. म्हणजे कोल्ड स्टोअरेजचे १८ हजार हिशेबाबाहेर.

नंबर नसल्यामुळे हे तीनही लाख घरच्या खर्चात विरघळून गेले होते. विक्रीच्या ५.७ टक्के. ज्या पाच टक्क्यांना घर घाबरत होतं त्याहून जास्त कर घर आधीच भरत होतं, फक्त तो औषधाच्या किमतीत लपलेला होता. थोरल्या मामांनी वही स्वतःकडे ओढली, बोटाने बेरीज तपासली आणि परत दिली.

आता खरा हिशेब. कागदावर ३ लाख दिसतात, पण क्रेडिट मिळायला पक्कं बिल लागतं, तेही आपल्या नंबरवर. द्राक्षवाला दुकानातून औषध आणतो ते उधारीवर, हंगाम संपल्यावर फेडायच्या बोलीवर, बऱ्याचदा चिठ्ठीवर. मामीच्या वहीत १२ लाखांपैकी पक्की बिलं सात लाखांचीच होती. त्यावरचा कर १ लाख २६ हजार, बाकीच्या बाबींवरचा ८४ हजार ६००, एकूण २ लाख १० हजार ६००. म्हणजे ५१ हजार ९०० रोख भरावे लागले असते. तरीही दोन लाख दहा हजार वसूल झाले असते, जे नंबर नसताना शून्य होतात.

मग मी नंबर काढा म्हटलं का? नाही. विवरणं चुकली की दिवसाला ५० रुपये दंड, बँकेचा गोंधळ, आणि एकदा नंबर काढला की प्रत्येक पट्टीचा मेळ. ओटीवर विवरण भरायला मी दर तिमाहीला येणार नव्हतो, आणि मामांच्या घरात संगणक म्हणजे धाकट्याच्या मुलाचा मोबाइल. एकरकमी कर योजनेचाही विचार केला. उलाढालीच्या १ टक्का म्हणजे साडेबावन्न हजार भरायचे, पण क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तीन लाख गेलेच आणि वर साडेबावन्न हजार. मी सांगितलं, कलम २३ चा अर्थ तुमच्या बाजूचा आहे, कागद नीट ठेवा, थांबा. हा सल्ला कायद्यावर होता तितकाच माझ्या आळसावरही होता, हे कबूल करतो.

न्याय कुठे, यावरचा वाद

जेवणानंतर वाद पुन्हा पेटला, कारण पुण्याहून थोरल्यांची मुलगी आली होती. बँकेत नोकरी. तिने वडिलांसमोर सरळ विचारलं, "आप्पा, तुमच्या बावन्न लाखांवर आयकर शून्य. माझ्या पगारातून दर महिन्याला कापतात. तुम्हाला जीएसटीपण नको. मग देश कुणी चालवायचा?"

घरात क्षणभर शांतता. खरं तर हा प्रश्न जुना आहे. शेती उत्पन्नावरचा कर १९३५ च्या कायद्याने प्रांतांकडे गेला आणि घटनेतही तो राज्यसूचीत राहिला. १९६१ च्या आयकर कायद्याने शेती उत्पन्न करमुक्त ठेवलं, फक्त इतर उत्पन्न असेल तर दर ठरवण्यापुरतं ते मोजलं जातं. १९७२ मध्ये के. एन. राज समितीने धारणक्षेत्रावर कर सुचवला, २००२ मध्ये विजय केळकर यांच्या कार्यगटानेही हा विषय काढला. कुणीही पुढे रेटला नाही. पश्चिम महाराष्ट्रात तर कोणत्याच पक्षाचा माणूस हे व्यासपीठावर बोलणार नाही.

थोरल्या मामांचं उत्तर मात्र नुसतं रागाचं नव्हतं. "तुझ्या पगारावर कधी गारपीट झालीय का? ज्या साली बाग हातची गेली त्या साली सरकारनं माझ्याकडं बघितलं? चांगल्या सालाचं बघून कर लावणार, अन् वाईट सालाचं मी गिळायचं." मला हा मुद्दा पटतो आणि त्यावर इलाज आहे. ऑस्ट्रेलियात शेतकऱ्यांना अनेक वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढून आयकर लावता येतो, म्हणजे एका भरघोस सालामुळे वरच्या दराच्या टप्प्यात ढकललं जात नाही. मोठ्या उत्पन्नाच्या शेतीवर आयकर आणायचाच असेल तर सरासरी आणि उंच मर्यादा या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात. पण बावन्न लाख ही विक्री आहे, उत्पन्न नव्हे, हेही मी बहिणीला सांगितलं. मजुरी, औषध, कर्जाचं व्याज वजा केल्यावर उरतं ते तीन कुटुंबांचं.

ती म्हणाली, "मग ते विवरणात दाखवा की. दाखवायला काय हरकत?" यावर मात्र कुणाकडे उत्तर नव्हतं. शेती उत्पन्नाच्या नावाखाली इतरांचे पैसे पांढरे होतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि प्रामाणिक शेतकऱ्याची सूट सर्वांत जास्त याच कारणाने बदनाम होते.

आयकर बाजूला ठेवून मी पुन्हा वहीतल्या तीन लाखांकडे आलो, कारण ते घराच्या हातात नव्हते आणि वादाचाही विषय नव्हते. ते परत कसे येतील?

बेदाण्यावरचा कर रद्द करा, ही बाजारातली सर्वांत मोठी मागणी. ऐकायला गोड. पण रद्द म्हणजे सूट, आणि सुटीत मागचं क्रेडिट तुटतं. शेतकऱ्याचे तीन लाख तसेच राहतात, वर अडत्याने आणि व्यापाऱ्याने कोल्ड स्टोअरेजवर भरलेले अठरा टक्केही त्यांच्याच गळ्यात पडतात. ते पुढे भावात येतील, म्हणजे मामांच्याच अंगावर.

निर्यातीसारखा शून्य दर, म्हणजे विक्रीवर शून्य आणि मागचं सगळं परत, हे उत्तम. ब्रिटनमध्ये बहुतेक अन्नपदार्थांना तसंच आहे. पण परतावा मागायला प्रत्येक शेतकऱ्याला नंबर हवा, आणि आपण पुन्हा मोबाइलवर विवरण भरण्यापाशी येतो.

कापसासारखा मार्ग आहे. कच्चा कापूस शेतकऱ्याकडून घेतला की नोंदणीकृत घेणारा स्वतः कर भरतो, नोव्हेंबर २०१७ पासून. शेतकऱ्याला नंबर नको. दिवाणजींची भीती या मार्गाने एका दिवसात संपली असती. पण वहीतला एक पैसा हलत नाही.

मला पटलेला मार्ग युरोपातला आहे. तिथे छोट्या शेतकऱ्याला मूल्यवर्धित कराच्या बाहेर राहू देतात, पण तो माल विकताना ठरलेली टक्केवारी वर लावतो आणि ती स्वतःकडे ठेवतो. औषध-खतात गेलेल्या कराची भरपाई म्हणून. घेणारा नोंदणीकृत व्यापारी ती टक्केवारी आपल्या क्रेडिटमध्ये धरतो. विवरण नाही, परतावा अर्ज नाही. ब्रिटनमध्ये ही टक्केवारी ४ आहे. आयर्लंडमध्ये ती दरवर्षी ठरते, २०२४ मध्ये ४.८ होती, २०२५ मध्ये ५.१. आमच्या घरच्या हिशेबात ५.७ निघाली, म्हणजे आपण काही जगावेगळे नाही.

आपल्याकडे तर याची अर्धी सोय आधीच आहे. बाजार समितीची पट्टी. तिच्यावर शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव, घेणारा, सगळं असतं. तिच्यात एक ओळ वाढवायची.

मधले मामा लगेच म्हणाले, "मग व्यापारी बाहेरनं आणलेला बेदाणा माझ्या नावावर खपवंल की. अफगाणिस्तानचा माल, माझी पट्टी, वरचे टक्के त्याला." बरोबर. म्हणून पट्टी सातबाऱ्याच्या पीकपाहणीशी जोडायला हवी, एकरी किती बेदाणा होऊ शकतो त्याची हद्द हवी. चौदा एकरांतून दोनशे टन निघाला की प्रश्न विचारायचा. हे काम अवघड नाही, पण महसूल आणि कर या दोन खात्यांनी एका टेबलावर बसायला हवं. त्यावर थोरले मामा इतके मोठ्याने हसले की मामीला वाटलं वाद मिटला.

"आणि हे सगळं सांगायचं कुणाला?" त्यांनी विचारलं. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. तिथे महाराष्ट्राचे मंत्री बसतात, बाजार समिती बसत नाही.

पुढे काय झालं

त्या वर्षी नोटीस आली नाही. २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरला परिषदेची पंचावन्नावी बैठक झाली. शेतकऱ्याने विकलेला बेदाणा आणि मिरी, ओली असो वा वाळलेली, जीएसटीच्या कक्षेत येत नाही, असं तिथे स्पष्ट झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिपत्रक निघालं. मधल्या मामांनी बातमीचा फोटो मला पाठवला, खाली फक्त अंगठा. दिवाणजींनी म्हणे त्यांना स्वतःहून चहा पाजला.

चाळीस लाखांचा प्रश्न मिटला. धाकट्या मामांचा, नांदणाऱ्या घराला एकच मर्यादा का, हा प्रश्न मिटला नाही. फक्त आमच्या घरापुरती त्याची गरज संपली.

मग ३ सप्टेंबर २०२५ ला दरांची फेरमांडणी झाली, १२ आणि २८ चे टप्पे गेले, २२ सप्टेंबरपासून नवे दर आले. ट्रॅक्टर, ठिबक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, जैविक कीडनाशकं १२ वरून ५ वर. द्राक्षवाल्याचा लाडका जीएसुद्धा ५ वर. बॉक्स मधल्या काळात १२ वर आला होता, तोही ५ वर. मोठ्या बातम्या झाल्या. मी मामीच्या त्याच आकड्यांवर नवे दर लावून पाहिले. जीए आणि अन्नद्रव्यांचे २४ हजारांचे १० हजार झाले. बॉक्सचे १२ हजार ६०० चे ३ हजार ५००. खतांचे ३० हजार तसेच, भाड्याचे १८ हजार तसेच. आणि रासायनिक औषधांवरचे १८ टक्के हललेच नाहीत, म्हणजे २ लाख १६ हजार तसेच. एकूण २ लाख ७७ हजार ५००. वाचले २३ हजार १००, शंभरात आठही नाहीत. दर कमी करणं वाईट नाही, पण जिथे सगळा पैसा जातो त्या ओळीला हात लागला नाही.

फळछाटणीच्या वेळी मी पुन्हा गेलो होतो. मामीने नवी वही घातली आहे, त्यात कराचा वेगळा रकाना. दुकानातून पक्कं बिल घेतल्याशिवाय बाटली उचलायची नाही असा तिने घरात हुकूम काढला आहे, नंबर नसला तरी. का, विचारलं तर म्हणाली, "तू ते विलायतेतलं सांगितलंस न्हवं का, पट्टीवर ओळ वाढवायचं? उद्या कुणी आलंच इचारायला की किती देऊ, तर आकडा पायजे." त्या दिवशीच्या बिलावर जीए ५ टक्क्यांनी होता आणि त्याच्या खालच्याच ओळीत डावणीचं औषध १८ टक्क्यांनी.